नागपूरच्या कातळातले शंख ओळखणारा पाद्री

पालघर, बोईसर-तारापूरच्या किनारपट्टीवर ओहोटीच्या वेळी खाडीच्या पात्रात उतरले की चिखलात कालवांची कवचे, तिसऱ्यांचे शिंपले आणि लहानमोठे शंख हमखास सापडतात. काही ठिकाणी हेच शंख-शिंपले वाळू व चुन्याने एकमेकांना चिकटून दगडासारखे घट्ट होतात. कोकणात काही भागांत अशा दगडाला करळ म्हणतात. मुलांनी गोळा केलेला एखादा जड, करडा शंख घरी येतो आणि तो जीवाश्म आहे काय, असा प्रश्न उभा राहतो. कधीकाळी समुद्र इथपर्यंत होता, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. किनाऱ्यालगत ते बहुतेक वेळा बरोबरही असते. मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात, काळ्या कातळाच्या पोटात जेव्हा शंख सापडले, तेव्हा हे उत्तर पुरेसे ठरले नाही. तेथे ते शंख एक-एक करून ओळखण्याचे काम एका स्कॉटिश पाद्र्याने केले. त्यांचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपुरातील हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव विदर्भात सर्वांच्या तोंडी आहे. त्यामागचा भूशास्त्रज्ञ मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. एडिंबरा व ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि त्यातून फ्री चर्च वेगळे झाले. हिस्लॉप या नव्या चर्चचे मिशनरी म्हणून १८४४ च्या अखेरीस पत्नीसह भारतात आले आणि १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. शाळेतील मुलांच्या धर्मांतराचा प्रश्न अर्थातच नाजूक होता आणि हिस्लॉप हे प्रथम धर्मप्रसारक होते, हे विसरून चालणार नाही. भूशास्त्र हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता. इतिहासाने मात्र त्या फावल्या वेळाची अधिक नोंद घेतली.

१८४७ मध्ये रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे त्यांना सहकारी म्हणून मिळाले. हे हंटर पुढे प्रकृतीमुळे मायदेशी परतले आणि एका मोठ्या इंग्रजी ज्ञानकोशात्मक शब्दकोशाचे संपादक म्हणून गाजले. नागपुरात असताना दोघे मिळून सीताबर्डीची टेकडी, टाकळी, तेलंगखेडी असा परिसर पायी पालथा घालत. १८५१ मध्ये टाकळीजवळ त्यांना कातळाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा पातळ थर आढळला. त्यात शंख होते, बिया व फळे होती, लाकूड होते. पुढे बारकाईने पाहता भुंगेऱ्यांच्या पंखांची कठीण आवरणे आणि डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी कवचधारी जलचरांची कवचेही मिळाली.

दख्खनचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात जीवाश्म सापडण्याचे कारणच नाही. बोईसरजवळच्या दगडखाणींत फुटणारा दगड आणि सीताबर्डीच्या टेकडीचा दगड हे एकाच महाप्रचंड लाव्हाप्रदेशाचे भाग. आजही हा प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्हा एकदाच आला नाही, पुन्हा पुन्हा येत राहिला. दोन लोटांच्या मधल्या शांत काळात खळग्यांत पाणी साचे, झाडे वाढत, शंख-शिंपले जगत. नंतर पुढचा लोट येऊन ते सारे झाकून टाकी. हे चित्र आज सहज सांगता येते. १८५० च्या सुमारास ते कोणालाच स्पष्ट नव्हते. लाव्हा समुद्राच्या तळाशी ओतला गेला, असेही मत तेव्हा मांडले जात होते. टाकळीचे शंख समुद्राचे की गोड्या पाण्याचे, यावर त्यामुळे बरेच काही अवलंबून होते.

हिस्लॉप यांनी या प्रश्नाचे उत्तर शंखांच्या घडणीतूनच शोधले. त्यांना सर्वांत जास्त सापडलेला शंख म्हणजे फायसा प्रिन्सेपी. जॉन माल्कमसन या लष्करी डॉक्टरने दख्खनच्या कातळातून त्याचे नमुने आधीच मिळवले होते आणि १८४० मध्ये त्याला ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांचे नाव देण्यात आले होते. या शंखाची खूण कोणालाही पटावी अशी आहे. बहुतेक शंखांचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले तर तोंड उजव्या बाजूला येते. फायसाचे तोंड डाव्या बाजूला येते. अशा घडणीचे फायसा आजही तळ्या-डबक्यांतच राहतात. त्याच्या जोडीला लिम्निया, पॅल्युडिना, व्हॅल्वेटा हे शंख आणि युनिओ हा नदीतला जाड शिंपला. यांपैकी एकही खाऱ्या पाण्यात वाढणारा नाही. उलट कालव, टरिटेलाचा लांबट निमुळता शंख, प्रवाळ असे समुद्राचे कोणतेही चिन्ह टाकळीच्या थरात नव्हते. एखाद-दुसऱ्या शंखावर विसंबण्याऐवजी संपूर्ण सोबत पाहायची, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. नागपूरच्या कातळाखाली समुद्र नव्हता, तळी होती, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि तो टिकला.

दोघांचा नागपूरच्या भूरचनेवरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटीही लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले. १८५८ ते १८६० या काळात हिस्लॉप मायदेशी होते. ही रजा त्यांनी शंखांवर खर्ची घातली, असे म्हणायला हरकत नाही. १८६० मध्ये त्यांचा सविस्तर निबंध आला. त्यात डझनावारी नव्या जातींची वर्णने व चित्रे होती. नावे देताना त्यांनी ठिकाणे व माणसे आठवणीने जपली. एका पॅल्युडिनाला टाकळीचे नाव मिळाले, एका सक्सिनियाला नागपूरचे आणि एका युनिओला हंटर यांचे.

याच निबंधात त्यांनी गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्रीजवळच्या काटेरू व पांगडी येथील शंखही अभ्यासले. तिथला कातळ दख्खनसारखाच, पण दोन थरांमधले शंख निराळे. कालवे होती, टरिटेला होते, खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारे सेरिथियम होते. म्हणजे लाव्हाचा एक भाग तळ्यांच्या प्रदेशात पसरला आणि दुसरा थेट खाडीच्या तोंडाशी. पालघरच्या वाचकाला येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. आपल्या खाड्यांतील शिंपले कातळाच्या वर साचलेल्या गाळातले आहेत. करळ तयार होऊन काही हजार वर्षेच झाली आहेत. राजमहेंद्रीची कालवे कातळाच्या आत बंदिस्त आहेत आणि त्यांचे वय कोट्यवधी वर्षांत मोजावे लागते. दोन्ही ठिकाणी शंख समुद्राचेच. पण कोणत्या थरातून उचलला याची नोंद नसेल, तर उत्तम शंखही अभ्यासकाच्या दृष्टीने मुका होतो.

हिस्लॉप यांचे सारेच अंदाज बरोबर निघाले नाहीत. विखुरलेले सर्व थर एकाच विशाल सरोवराचे असावेत, असे त्यांना वाटे. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या अभ्यासकांनी ती निरनिराळ्या वेळची अनेक तळी असल्याचे दाखवले. शंखांच्या तुलनेवरून त्यांनी हे थर तृतीय कल्पातील ठरवले होते. आता दख्खनच्या लाव्हाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे, म्हणजे डायनोसॉरांचा काळ संपत असतानाचे, असे निश्चित झाले आहे. खडकातील किरणोत्सारी घटकांवरून वय काढण्याची पद्धत तेव्हा अस्तित्वातच नव्हती, हे लक्षात घेतले तर ही चूक किरकोळ वाटते. गंमत अशी की राजमहेंद्रीच्या थराबाबत ते बरेच जवळ होते. तेथील खाणींतून मिळालेल्या सूक्ष्म सागरी जीवांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्या थराला डायनोसॉरांच्या अंतानंतर लगेचचा, म्हणजे तृतीय कल्पाच्या आरंभीचा काळ देतो. नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथेही असेच सूक्ष्म सागरी जीव सापडले असून, समुद्राचा एखादा फाटा मध्य भारतात कसा शिरला असेल, यावर अभ्यासकांत चर्चा झाली आहे. गोडे की खारे हा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतरच्या ढिसाळ कारभारावर हिस्लॉप यांनी वृत्तपत्रांतून टीका केली. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल तेथे आले. त्यांच्याशी हिस्लॉप यांचा चांगला स्नेह जुळला. गोंड व इतर आदिवासींच्या भाषा, चालीरीती आणि लिंगोची गीतकथा यांची टिपणे हिस्लॉप वर्षानुवर्षे जमवत होते. प्राचीन शिळावर्तुळांचेही त्यांना आकर्षण होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल यांच्यासमवेत ते बोरीजवळच्या टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहण्यास गेले. परतताना तेथील शाळा तपासण्यासाठी ते मागे थांबले आणि नंतर एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाळ्याचे दिवस होते. वाटेतला ओढा फुगला होता. तो ओलांडताना ते बुडाले. शेचाळिसाव्या वाढदिवसाला चारच दिवस उरले होते.

आदिवासींवरील त्यांची अपुरी टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापली. त्यांच्या शाळेतून १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. त्यांनी वर्णन केलेले शंख लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत. टाकळी आता नागपूर शहरात सामावली आहे.