व्याकरणकार ऑटो येस्पर्सन

इंग्रजी भाषेचे एक फार मोठे व्याकरण एका परदेशी माणसाने लिहिले, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्यांचे नाव ऑटो येस्पर्सन. ते डेन्मार्क देशाचे राहणारे होते. त्यांची मातृभाषा डॅनिश. तुम्ही जशी आपल्या मातृभाषेखेरीज मराठी आणि इंग्रजी शिकता, तशीच त्यांनीही इंग्रजी मेहनतीने शिकून घेतली.

येस्पर्सन यांचा जन्म १६ जुलै १८६० रोजी रानर्स या गावी झाला. लहानपणीच त्यांच्या आईवडिलांचे छत्र हरपले. अशा दिवसांत पुस्तके हीच त्यांची सोबत झाली. रास्मुस रास्क या डॅनिश पंडितांची व्याकरणे त्यांच्या हाती पडली. हे रास्क १८२० साली मुंबईलाही येऊन गेले होते. त्यांची पुस्तके वाचून छोट्या ऑटोने आइसलँडची भाषा, इटालियन आणि स्पॅनिश या भाषा थोड्याथोड्या आपल्या आपणच शिकायला सुरुवात केली.

१८७७ साली ते कोपनहेगनच्या विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीला त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. पण मन भाषांकडे ओढ घेत होते. शेवटी १८८१ साली त्यांनी कायदा सोडला. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ते शाळेत शिकवत आणि डेन्मार्कच्या संसदेत लघुलेखकाचे काम करत. १८८७ साली ते एम.ए. झाले. मग ते इंग्लंड, जर्मनी व फ्रान्स येथे गेले आणि तेथील भाषापंडितांना भेटले. १८९१ साली त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. १८९३ पासून १९२५ पर्यंत ते कोपनहेगन विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

येस्पर्सन यांची कामाची पद्धत वेगळी होती. आधी नियम सांगायचा आणि मग भाषेने तो पाळावा असा आग्रह धरायचा, हे त्यांना पटत नसे. ते इंग्रजी पुस्तके वाचत आणि प्रत्येक उपयोगी वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून घेत. अशा हजारो चिठ्ठ्या त्यांनी जमवल्या. लोक भाषा कशी वापरतात हे आधी पाहायचे आणि त्यातून नियम शोधायचा, ही त्यांची रीत होती.

या रीतीमुळे त्यांचे लक्ष एका जुन्या अडचणीकडे गेले. शाळेत मुलांना क्रियाविशेषण अव्यय आणि शब्दयोगी अव्यय यांतला फरक ओळखायला सांगतात. इंग्रजीत 'ही इज इन' म्हणजे 'तो आत आहे'. येथे 'इन' हे क्रियाविशेषण अव्यय. 'ही इज इन द हाउस' म्हणजे 'तो घरात आहे'. येथे 'इन'च्या पुढे 'हाउस' हे नाम आले, म्हणून तोच शब्द शब्दयोगी अव्यय झाला. मराठीतही असेच घडते. 'अहमद आत गेला' आणि 'अहमद घराच्या आत गेला' ही वाक्ये पाहा. पहिल्या वाक्यात 'आत' हा शब्द एकटा आहे. दुसऱ्यात तो 'घर' या नामाशी जोडलेला आहे. उर्दूतले 'अंदर गया' आणि 'घर के अंदर गया' आठवा. इंग्रजीत असा शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत आणि उर्दूत तो नामानंतर येतो, एवढाच फरक.

येस्पर्सन यांनी विचारले, शब्द तोच, अर्थही तोच, मग त्याची जात का बदलावी? त्यांनी क्रियापदाकडे बोट दाखवले. 'सलमा वाचते' आणि 'सलमा पुस्तक वाचते' या दोन वाक्यांत 'वाचते' हे क्रियापदच असते. कर्म आले किंवा गेले म्हणून आपण त्याला दुसऱ्या जातीत घालत नाही. मग 'इन', 'ऑन', 'अप' अशा शब्दांनाच वेगळा न्याय का? हा विचार त्यांनी १९२४ साली व्याकरणाच्या तत्त्वज्ञानावरील आपल्या ग्रंथात मांडला. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अशा चारही प्रकारच्या शब्दांना एकाच गटात ठेवावे, असे त्यांनी सुचवले. मराठी व्याकरणात या चारही जातींना आपण 'अव्यय' म्हणतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

शाळेच्या पुस्तकांनी जुनी विभागणी सोडली नाही. त्यामुळे परीक्षेत तुम्हांला नाम जोडलेले आहे की नाही हे पाहूनच उत्तर द्यावे लागते. परंतु येस्पर्सन यांचा विचार वाया गेला नाही. २००२ साली केंब्रिजहून इंग्रजीचे एक मोठे व्याकरण निघाले. त्यातही असे एकटे येणारे कितीतरी शब्द शब्दयोगीच मानले आहेत.

येस्पर्सन यांच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणाचा पहिला भाग १९०९ साली निघाला. हे काम ते आयुष्यभर करत राहिले. जगातील लोकांना एकमेकांशी सहज बोलता यावे म्हणून १९२८ साली त्यांनी 'नोव्हियल' नावाची एक नवी भाषाही तयार केली. ३० एप्रिल १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. व्याकरणाचा सातवा आणि शेवटचा भाग त्यांच्या मागे, १९४९ साली प्रसिद्ध झाला.

परकी भाषा शिकणारा माणूस त्या भाषेकडे नव्या डोळ्यांनी पाहतो. जे घरच्यांना सवयीने दिसत नाही, ते त्याला दिसते. येस्पर्सन यांचे जीवन आपल्याला हेच शिकवते.

शब्दार्थ
छत्र हरपणे – आधार नाहीसा होणे
पंडित – विद्वान
लघुलेखक – बोललेले भराभर खुणांनी लिहून घेणारा
विभागणी – वाटणी

स्वाध्याय
१. येस्पर्सन शिक्षणाचा खर्च कसा भागवत?
२. ते चिठ्ठ्या का जमवत?
३. 'वर', 'पुढे', 'मागे' हे शब्द आधी एकटे आणि मग नामाला जोडून वाक्यांत वापरा.
४. येस्पर्सन यांचा विचार तुम्हांला पटतो का? कारण सांगा.