कॉर्नेलिया सोराबजी : सनदेविना वकिली
कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून त्या प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्री म्हणून विलायतेची शिष्यवृत्ती नाकारली गेली. तेथील हितचिंतकांनी वर्गणी जमवली, तेव्हा त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. १८९२ मध्ये तेथे कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी हाती पडली ती मात्र तीस वर्षांनी!

मायदेशी त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. मिळवली, अलाहाबादेस वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद मिळेना. मग त्यांनी न्यायालयाबाहेरच काम शोधले, आणि त्यांचे खरे कर्तृत्व तेच. पडदानशीन विधवांना परपुरुष वकिलासमोर येता येत नसे. त्यांची मालमत्ता इतरांच्या हाती अलगद जाई. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार म्हणून सोराबजी थेट अंतःपुरात जात, दस्तऐवज तपासत, अज्ञान वारसांच्या शिक्षणाची व्यवस्था लावत.

१९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिली खुली झाली, तेव्हा त्यांचे वय छप्पन्न-सत्तावन्न होते. कलकत्त्यास त्या बॅरिस्टर म्हणून उभ्या राहिल्या खऱ्या. पण वाट्यास आले ते बहुतांशी लेखी अभिप्राय देण्याचेच काम. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या.