श्रेढी शिकविणारे आचार्य

अंकगणिती आणि भूमिती श्रेढीची सूत्रे आपण परीक्षेपुरती घोकतो. त्यातला 'श्रेढी' हा शब्द मात्र भास्कराचार्यांच्या वर्गातही चालत होता, हे सहसा ध्यानात येत नाही.

आचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे त्यांचे गाव. ते कुणी विजापूर मानतात, कुणी खानदेशात शोधतात. मराठी आणि कन्नड विभाग एकाच अंकात बांधणाऱ्या आपण या वादात न पडलेले बरे! वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा झाला. 'लीलावती' हा त्याचाच भाग. लीलावती नावाच्या कन्येच्या हुकलेल्या मुहूर्ताची कथा १५८७ च्या फैजीकृत फारसी भाषांतरातली आहे; आचार्यांनी ती कोठेही सांगितलेली नाही.

त्यांनी सांगितली ती उदाहरणे. पहिल्या दिवशी ४ द्रम्म, पुढे रोज ५ अधिक. १५ दिवसांत दान किती? आदि ४, चय ५, गच्छ १५. अंत्यधन ७४, म्हणून मध्यधन ३९. त्याची १५ पट ५८५. झाले!

दुसरा दाता पहिल्या दिवशी केवळ २ कवड्या देतो, मात्र रोज दुप्पट करीत महिनाभर. येथे २ चा ३० वा घात हवा. तीसदा दोन मांडून गुणत बसणे आचार्यांना मान्य नाही. गच्छ सम असेल तर निम्मा करा आणि 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक वजा करून 'गुण' लिहा. शून्य आले की उलट फिरा : २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४. आठच पायऱ्या! त्यातून १ वजा करून आदीने गुणले की २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १०४८५७ निष्क आणि वर काही द्रम्म. मोठे घात काढताना संगणकही आज याच जातीची युक्ती वापरतो.

वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी 'करणकुतूहल' हा ज्योतिषग्रंथ रचला. पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यादवांच्या पदरी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. तेथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा मोठा भाग संस्कृत आहे. मठाला कुणी काय द्यावे, हा हिशेब मात्र जुन्या मराठीत कोरलेला आहे.