फायरमन डेब्ज

युजीन डेब्ज काही आपल्यासारखा डिग्रीवाला नव्हता. 1855 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जन्मलेल्या या पोरानं 14व्या वर्षी शाळा सोडली, रेल्वेत लागला आणि पुढे इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन झाला. 1893 साली निरनिराळी कामं करणाऱ्या रेल्वे कामगारांची एकच युनियन उभारण्यात तो पुढे होता.

1894 साली शिकागोत डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने सुमारे 25 टक्के पगार कापले, पण कंपनीच्या वसाहतीतलं घरभाडं मात्र तेवढंच! कामगार संपावर गेले. डेब्जच्या युनियनने पुलमनचे डबे लावलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला. टपाल अडतंय, असं सांगून केंद्र सरकारने कोर्टाचा मनाईहुकूम आणला, सैन्यही पाठवलं. संप मोडला. हुकूम मोडला म्हणून डेब्जला ज्युरीशिवायच 6 महिने कैद झाली. 1895 साली सुप्रीम कोर्टानेही ती योग्य ठरवली.

डेब्ज 1926 साली गेला. असल्या मनाईहुकमांना कायद्याने लगाम बसला तो 1932 साली!

उद्या आपल्या हाताखाली कामगार असतील. तेव्हा हा फायरमन आठवायला हवा, नाही का?