नियमापलीकडची नीती जपणारा वैमानिक

उद्योगपती म्हणून जे. आर. डी. टाटा सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांचे पहिले प्रेम विमानोड्डाण हेच होते. २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होता.

इंग्लंड व भारत यांदरम्यानचे अंतर महिनाभरात एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक ठेवले होते. १९३० मध्ये जेआरडी कराचीहून लंडनकडे निघाले. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे त्यांची गाठ अस्पी इंजिनिअर या सतरा वर्षांच्या स्पर्धकाशी पडली. उलट दिशेने येणारे अस्पी स्पार्क प्लगअभावी तेथे अडकून पडले होते. प्रतिस्पर्ध्याला मदत करावी, असे कोणताही नियम सांगत नव्हता. तरीही जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. अवघ्या काही तासांच्या फरकाने पारितोषिक अस्पींना मिळाले. तिसरे स्पर्धक मनमोहन सिंग यांना मुदत उलटल्यामुळे त्यावर पाणी सोडावे लागले. हेच अस्पी १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहू गाठले आणि टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली. विमानात बिनतारी यंत्रणा नव्हती. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात चिखलाने निरुपयोगी होई. तरीही पहिल्या वर्षी या सेवेने शंभर टक्के वक्तशीरपणा राखला. दिलेल्या वेळेस ते वचन मानत.

१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यानंतरही ते १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले, तेही विनावेतन. प्रवासात आढळलेल्या बारीकसारीक उणिवा ते टिपून ठेवत आणि अधिकाऱ्यांना कळवत. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई हे उड्डाण पुन्हा एकट्याने केले. १९९२ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ लाभले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

वैमानिकाच्या कक्षात काय घडते, हे प्रवाशाला दिसत नाही. त्याचा सारा भरवसा वैमानिकाच्या सचोटीवर असतो. नियम काटेकोरपणे पाळणे हे त्या सचोटीचे पहिले पाऊल. त्यापुढचे पाऊल कोणते, हे जेआरडींनी अबुकीरच्या विमानतळावर दाखवून दिले. पारितोषिक हुकले, पण त्यांचे नाव मात्र मागे राहिले.