कर्नल लॅम्बटन आणि चार इंचांचा हिशेब

सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला थिओडोलाइट खांद्यावरून वाहताना ज्यांनी ज्यांनी तोंड वाकडे केले असेल, त्यांनी विल्यम लॅम्बटन हे नाव लक्षात ठेवावे. त्यांचा थिओडोलाइट जवळजवळ अर्ध्या टनाचा होता! आणि आमच्या कॉम्प्युटरवाल्यांनीही ते लक्षात ठेवावे. हजार नोंदींची बॅच डाटाबेसमध्ये भरताना सहाशे सदतिसावी नोंद फसली तर काय करायचे, सगळे मागे घ्यायचे, की तेवढी सोडून पुढे जायचे, हा जो आपल्याला पडणारा प्रश्न आहे, तो या माणसाला दोनशे वर्षांपूर्वी उन्हातान्हात, डोंगरमाथ्यावर पडला होता.

लॅम्बटन यांचा जन्म १७५३ च्या सुमारास इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये, एका साध्या शेतकरी घरात झाला. सैन्यात शिरले, अमेरिकेच्या युद्धात गेले आणि १७८१ साली यॉर्कटाउनला कैदी झाले. पुढची बरीच वर्षे कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या जंगलात गेली. तिथे त्यांनी जमिनी मोजल्या आणि गणिताची पुस्तके वाचली. सूर्यग्रहण पाहताना एका डोळ्याची दृष्टी जवळपास गेली ती वेगळीच. चाळिशी उलटल्यावर ते हिंदुस्थानात आले. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत, रात्रीच्या अंधारात फौज दक्षिणेऐवजी उत्तरेला, म्हणजे थेट टिपूच्या बाजूला निघाली होती. लॅम्बटन यांनी वर तारे पाहिले आणि चूक ओळखली, म्हणून ती तुकडी वाचली.

लढाई संपल्यावर त्यांनी सरकारपुढे एक योजना मांडली. दक्षिण हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजायचा. जव्हार-मोखाड्याकडच्या मुलांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. समोरच्या टेकडीवरचा पाडा हाकेच्या अंतरावर दिसतो, पण चालत निघालात तर दरी उतरून, ओहोळ ओलांडून पुन्हा चढेपर्यंत घामाघूम व्हायला होते. अशा मुलखात साखळी ओढून सरळ अंतर मोजणार कसे? म्हणून सपाटीवर एकच रेषा जिवापाड जपून मोजायची, तिच्या दोन टोकांवरून लांबच्या डोंगराचे कोन घ्यायचे आणि बाकीच्या बाजू गणिताने काढायच्या. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. तिच्यावरून पुढचा, त्याच्यावरून आणखी पुढचा.

इथेच खरी मेख आहे. एखादा त्रिकोण अजिबात जमला नाही तर ते परवडले, कारण काम तिथेच थांबते. पण चुकीचा कोन मुकाट्याने वहीत शिरला, तर पुढचे सगळे त्रिकोण त्याच्यावर उभे राहतात आणि एकही ओरडत नाही. बॅचमध्येही एरर देऊन बंद पडणारी नोंद बरी, गुपचूप चुकीची बसलेली नोंद वाईट.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली पायारेषा मोजायला सुरुवात झाली. लांबी सुमारे साडेसात मैल, साखळी शंभर फुटांची, म्हणजे ती चारशे वेळा मांडायची! (ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून गेली होती. त्याने ती नाकारली, म्हणून ती हिंदुस्थानात आली.) पोलाद उन्हाने वाढते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, वर सावली धरायची, थर्मामीटर वाचायचा आणि तापमानाचा हिशेब लिहून ठेवायचा. दुसरी तशीच साखळी कामाला न लावता फक्त पडताळणीसाठी राखलेली होती.

पडताळणी दोन थरांची होती. प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोन शक्य तिथे प्रत्यक्ष मोजायचे. त्यांची बेरीज १८० अंश आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारी किंचित वाढ एवढी आली पाहिजे. फरक थोडा असेल तर तो कोनांमध्ये वाटायचा, जास्त असेल तर पुन्हा मोजणी. हा झाला एकेका नोंदीचा नियम. दुसरा थर मोठा. शेकडो मैल गेल्यावर पुन्हा एक पायारेषा प्रत्यक्ष मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहायची. १८०४ मध्ये बंगळूरजवळ ही परीक्षा झाली. मद्रासपासून त्रिकोणांची रांग ओढत आणलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत सात मैलांमागे चार इंचांपेक्षाही कमी फरक निघाला. म्हणजे तिथपर्यंतचे काम आपल्या भाषेत कमिट झाले. पुढे काही बिघडले तरी मद्रासला परत जायची गरज उरली नाही.

आणि बिघडलेच. १८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. कोन वाचायचे मोठे वर्तुळच वाकले. दुसरे तसे यंत्र इंग्लंडहून यायला वर्षे लागली असती. लॅम्बटन यांनी स्वतःला कारागिरांसह तंबूत कोंडून घेतले, फळीवर मूळ मापाचे वर्तुळ कापले आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून वाकलेली कड कणाकणाने बाहेर ओढली. सहा आठवडे लागले. यंत्र पुन्हा कामाला लागले खरे, पण पूर्वीइतके निर्दोष ते राहिले नाही. मला इथे त्यांच्या हिकमतीपेक्षा वह्यांचे कौतुक जास्त वाटते. अपघाताआधीची निरीक्षणे कोणती आणि नंतरची कोणती, हे तारखेनिशी वेगळे काढता येत होते. आपण लॉग फाइल 'जागा खाते' म्हणून उडवतो!

१८१८ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट त्यांचे साहाय्यक झाले. मोजणी उत्तरेला सरकत होती, लॅम्बटन थकले होते. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट मुक्कामी त्यांचे निधन झाले. वय सत्तरीच्या आसपास. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. ज्या मापपट्टीवर सगळी मोजणी बेतलेली होती ती आणि इंग्लंडची अधिकृत पट्टी यांत सूक्ष्म फरक असल्याचे कळले होते, आणि वीस वर्षांच्या कामाला लावायची दुरुस्ती त्या लेखात होती. मूळ आकडे जपलेले, म्हणून डोंगरावर पुन्हा चढावे लागले नाही.

सगळेच मात्र असे निभावले नाही. बीदरच्या उत्तरेचा भाग एव्हरेस्ट यांनी नव्या यंत्रांनी पुन्हा मोजला, त्यात त्यांचे स्वतःचे तरुणपणीचे कामही रद्द झाले. १८४१ मध्ये बीदरची पायारेषाही नव्याने मोजली गेली. दक्षिणेची रांग तपासलेल्या पायारेषांवर उभी होती, ती त्या वेळी राहिली.

लॅम्बटन यांची कबर हिंगणघाटला आहे. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या त्याच गावावरून जातात.