पंडितांची नात विम्बल्डनला

टेनिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सानिया मिर्झाच येते. साहजिकच आहे. आपण तिला टीव्हीवर पाहिलं, तिच्या नथीची फॅशन आपल्या मुलींनी केली. २०२३ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा घरातलंच कुणी निवृत्त झाल्यासारखं वाटलं. २००५ मध्ये सानियानं विम्बल्डनच्या हिरवळीवर एकेरीचा सामना जिंकला, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! पण मैत्रिणींनो, त्याच विम्बल्डनमध्ये भारतीय मुलीनं पहिला सामना जिंकला, त्या गोष्टीला तेव्हा ७१ वर्षं होऊन गेली होती. आणि त्या मुलीचं आजोळ अस्सल मराठी होतं.

तिचं नाव लीला राव. जन्म १९११ चा, मुंबईचा.

लीलाची गोष्ट सांगायची तर तिच्या आईपासून सुरुवात करावी लागते. खरं तर मला लीलापेक्षा तिच्या आईचंच नवल जास्त वाटतं, हे आधीच सांगून टाकते. आईचं नाव क्षमा. संस्कृतच्या अभ्यासकांना त्या पंडिता क्षमाबाई राव म्हणून ठाऊक आहेत. माहेरच्या त्या पंडितच. कोकणातल्या पंडित घराण्यातले शंकर पांडुरंग पंडित हे त्यांचे वडील. हे गृहस्थ म्हणजे विद्वत्तेचा डोंगर. अथर्ववेदाची सायणभाष्यासह मोठी आवृत्ती त्यांनी सिद्ध केली, कालिदासाचे ग्रंथ संपादित केले. आपल्या घराघरात ज्या तुकोबांचे अभंग म्हटले जातात, त्यांची गाथा १८६९ मध्ये सरकारनं २४ हजार रुपये देऊन छापवली. त्या गाथेच्या संपादनातही त्यांचा हात होता. विजयालक्ष्मी पंडित तुम्हाला माहीत असतील, पंडित नेहरूंच्या बहीण. त्यांचे पती रणजित पंडितही याच घराण्यातले.

असं घर, असे वडील. पण क्षमेच्या वाट्याला ते आलेच नाहीत. तिचा जन्म १८९० मधला आणि शंकर पांडुरंग गेले १८९४ च्या मार्चमध्ये. पोर चार वर्षांचीही झाली नव्हती. ज्या माणसाकडे संस्कृत शिकायला लोक दुरून यायचे, त्याच्या स्वतःच्या लेकीला त्याच्याकडून एक अक्षरही शिकायला मिळालं नाही. बापाविना मुलगी नातेवाइकांच्या आधारानं वाढली. त्या काळात अशा मुलीचं पुढं काय व्हायचं, ते आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलंच आहे.

विसाव्या वर्षाच्या आसपास क्षमेचं लग्न झालं, मुंबईतले नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी. हे डॉक्टरही नुसते नाडी बघणारे नव्हते. रोगजंतूंवर त्यांचं संशोधन होतं. त्यांच्याबरोबर क्षमाबाईंना युरोप पाहायला मिळाला, माणसं भेटली. आधी त्या इंग्रजीत लिहीत, मग वळल्या संस्कृतकडे. आणि याच संसारात, याच मुंबईत, त्यांच्या हातात आली टेनिसची रॅकेट.

इथं जरा थांबूया. १९२० नंतरचा काळ आहे. बाईनं अंगणात फुगडी घालावी, नागपंचमीला झोके घ्यावेत, एवढाच तिचा खेळ. तोही पदर सांभाळून! मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यात तर भारतीयांना सभासदच करून घेत नसत, मग बायकांचं काय घेऊन बसलात? अशा दिवसांत तिशी ओलांडलेली, एका मुलीची आई असलेली बाई टेनिस कोर्टवर उतरते आणि मुंबईच्या स्पर्धांमध्ये विजेतेपद मिळवते. सकाळी संस्कृत पद्यरचना आणि संध्याकाळी टेनिस, असं काहीसं त्यांचं आयुष्य मी मनाशी रंगवते.

लीलाला त्यांनी शाळेत फारसं पाठवलं नाही. घरीच शिकवलं. वडिलांकडून स्वतःला जे मिळालं नव्हतं, ते मुलीला आपल्या हातानं द्यायचं ठरवलं असावं, असं मला वाटतं. लीलानं संस्कृत शिकलं, नृत्याचा आणि चित्रकलेचा अभ्यास केला. आणि टेनिसचं बाळकडू तर घरातच होतं. आपल्याकडे मुलीला भाकरी थापायला शिकवते ती आई. इथं रॅकेट धरायला शिकवायलाही घरात आईच होती.

१९३१ मध्ये लीला अखिल भारतीय स्पर्धेची विजेती ठरली. वय होतं १९. तेव्हा आपल्या देशात महिला टेनिसमध्ये नाव गाजत होतं जेनी सँडिसन हिचं. ती अँग्लो-इंडियन घरातली. १९२९ मध्ये विम्बल्डन खेळायला गेलेली पहिली भारतीय महिला तीच. पण तिथं सामना जिंकणं भारताच्या बायकांना अजून जमलं नव्हतं. लीला आणि जेनी यांच्या लढती अंतिम फेरीत व्हायच्या, आणि जेनीकडून हार पत्करायचे प्रसंगही लीलावर आले. तरी १९३१ ते १९४३ या बारा वर्षांत अखिल भारतीय एकेरीचं विजेतेपद लीलानं सात वेळा मिळवलं. सात वेळा! आज कुणी असं केलं तर चौकाचौकात बॅनर लागतील.

मधल्या काळात घरात आणखी एक घडामोड चालली होती. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला आणि क्षमाबाई पार भारावून गेल्या. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी संस्कृतात काव्य लिहिलं, 'सत्याग्रहगीता'. भगवद्गीतेसारखे अठरा अध्याय. शेतकरी, खेडूत, मीठ उचलणारे हात, हे सगळं देववाणीत! पण इंग्रजांच्या राज्यात ते छापणार कोण? म्हणून १९३२ मध्ये ते पुस्तक छापलं गेलं थेट पॅरिसला.

आणि दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, याच बाईंची लेक इंग्रजांच्या राजधानीत, इंग्रजांचाच खेळ खेळायला, इंग्रज मुलीसमोर उभी राहिली. गंमत आहे की नाही? काहींना यात विसंगती वाटेल. मला नाही वाटत. राज्य तुमचं नको, पण खेळात दोन हात करायला आम्ही कमी नाही, हे दोन्ही एकाच घरात नांदू शकतं.

तेव्हा विमानानं भुर्रकन जायची सोय नव्हती. मुंबईहून बोटीनं दोन-अडीच आठवडे. टेनिस हौशी खेळाडूंचं होतं, जिंकलं तरी बक्षिसाचा पैसा नाही. व्यावसायिक खेळाडूंना विम्बल्डनचं दार उघडलं ते १९६८ मध्ये. म्हणजे जायचं ते पदरमोड करून, आणि खेळायचं ते फक्त नावासाठी. घरची परिस्थिती बरी होती म्हणून लीलाला ते परवडलं, हेही मान्य करायला हवं. मोलमजुरी करणाऱ्या घरातली मुलगी तेव्हा तिथं पोचणं शक्यच नव्हतं.

पहिल्या फेरीत तिच्यासमोर होती ग्लॅडिस साउथवेल, ब्रिटनची. महिलांचा सामना तीन सेटचा. दोन सेट जिंकेल ती पुढे. एका सेटमध्ये सहा गेम आधी जिंकायचे, पण दोन गेमची आघाडी हवी. आता सहा-सहा अशी बरोबरी झाली की टायब्रेक घेतात आणि सेट संपवतात. तेव्हा टायब्रेक नव्हता. दोन गेम पुढं जाईपर्यंत खेळतच राहायचं, कितीही वेळ लागो.

पहिला सेट लीला ४-६ असा हरली. परक्या देशात पहिलाच सामना आणि पहिलाच सेट गेला. दुसरा सेट गेला की बोटीचा परतीचा प्रवास. तो सेट सुरू झाला आणि संपेना. सहा-सहा झाले, सात-सात झाले, आठ-आठ झाले... एक चूक महागात पडली असती. शेवटी तिनं तो १०-८ असा घेतला. अठरा गेम एका सेटमध्ये! पहिल्या सेटचे दहा धरले तर २८ गेम खेळून झाल्यावर तिसरा सेट. अशा वेळी शरीर बोलायला लागतं. पण तिसऱ्या सेटमध्ये साउथवेलला तिनं फक्त दोन गेम दिले. ६-२. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला, लीला राव, वय २२.

दुसऱ्या फेरीत फ्रान्सकडून खेळणाऱ्या इडा अदामॉफनं तिला हरवलं. पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, लीला पुन्हा गेली. या वेळी पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमनकडून हरली. विम्बल्डनच्या एकेरीत तिच्या नावावर जमा राहिला तो १९३४ मधला एकच विजय.

मग एवढं काय त्यात, असं कुणी म्हणेल. एकच तर सामना! पण कुरुंद्यासारख्या गावातल्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. केळी-हळदीचं हे आपलं गाव, नरहर कुरुंदकरांचं गाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. इथल्या शाळांच्या मैदानावर मुली खो-खोला काय जीव तोडून धावतात! दहावीपर्यंत. फार तर बारावीपर्यंत. मग स्थळं यायला लागतात, आणि उंबरठ्याबाहेरचं ते धावणं आठवणीत जातं. आपल्यातल्या किती जणींचे स्पर्धेचे सर्टिफिकेट लग्नाच्या अल्बमखाली ट्रंकेत पडलेत? लीला आपला सामना जिंकली तेव्हा २२ वर्षांची होती आणि अविवाहित. १९३४ मध्ये २२ वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे नातेवाइकांना केवढा विषय! तिचं लग्न झालं ते तिशी उलटून गेल्यावर, १९४३ मध्ये. तोवर तिला खेळू दिलं गेलं. त्या एका विजयामागं घरच्यांचा एवढा धीर होता.

लग्न झालं हरीश्वर दयाल यांच्याशी. ते आयसीएस अधिकारी, पुढं परराष्ट्र सेवेत गेले. स्पर्धात्मक टेनिस याच सुमारास थांबलं. पण ही बाई हात जोडून बसणाऱ्यांतली नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्राचा तिचा अभ्यास चालूच होता. १९४८ मध्ये नृत्यावरचं 'नृत्तमंजरी' हे तिचं पुस्तक आलं. पतीच्या नोकरीमुळे सिक्कीमला राहणं झालं आणि तिथं नवा नाद लागला, हिमालयाचा. कोर्टवर धावणारे पाय आता बर्फाच्या वाटा तुडवू लागले. डोंगरातल्या या भटकंतीवर तिनं लेखही लिहिले. पुढं दयाल नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले, आणि १९६४ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याकडच्या खुंबू भागात पदयात्रेला गेले असताना तिथंच त्यांचं निधन झालं. ज्या डोंगरांवर दोघांनी जीव लावला, त्याच डोंगरांनी जोडीदार नेला.

इकडे क्षमाबाई लिहीत राहिल्या. १९३९ मध्ये त्यांनी वडिलांचं चरित्र संस्कृत पद्यात प्रसिद्ध केलं, 'शंकरजीवनाख्यान'. वडील जाऊन तेव्हा ४५ वर्षं झाली होती. ज्यांचा चेहराही नीट आठवत नसेल, त्यांच्यावर अख्खं काव्य! मीराबाई, तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांच्यावरही त्यांनी संस्कृतात लिहिलं. ज्ञानोबांनी गीता संस्कृतातून मराठीत आणली, आणि या बाईंनी आपल्या संतांना उलट वाटेनं संस्कृतात नेऊन बसवलं. कथाही लिहिल्या. त्या कथांत बालविधवा आहेत, सासरी-माहेरी पिचलेल्या बायका आहेत, सत्याग्रहात उतरलेल्या खेड्यातल्या बायका आहेत. राजा-राण्यांची भाषा म्हणून ठेवणीत ठेवलेल्या संस्कृतला त्यांनी आपल्या परसदारी आणलं.

२२ एप्रिल १९५४ रोजी क्षमाबाई गेल्या. लिहिलेलं सगळं तोवर छापून झालं नव्हतं. त्यांचं 'स्वराज्यविजय' हे काव्य त्यांच्या माघारी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि लीलानं आईच्या कथा घेतल्या, एकेक करून त्यांची संस्कृत नाटकं केली.